जुना टब आणि नवा मालक

जुनी वस्तु विकत घेणाऱ्या मनुष्याच्या मनांत दोन गृहस्थ एकदम नांदत असतात. पहिला विजयी मुद्रेनें म्हणत असतो, 'काय स्वस्तांत मिळविली!' आणि दुसरा त्याच्या कानाशीं लागून कुजबुजत असतो, 'स्वस्तांत दिली ती कां?' वस्तु नीट चालते आहे तोंवर पहिल्याचें राज्य असतें. ती अडली कीं दुसरा गादीवर येतो, आणि वस्तूची परीक्षा राहून विकणाराचीच परीक्षा सुरू होते. गेल्या हिंवाळ्यांत हें राज्यांतर आमच्या मनांत इतक्या वेळां झालें, कीं त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. तींत आमचा मोठेपणा मुळींच नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

आमचें वास्तव्य अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत आहे. येथें पुष्कळ घरांच्या परसांत झांकणाचा एक मोठा हौद दिसतो. त्यास 'हॉट टब' म्हणतात. पांच-सहा माणसें गळ्यापर्यंत पाण्यांत बसतील एवढा तो असतो. त्यांतलें पाणी विजेवर तापतें. पंप तें गाळणींतून फिरवितो आणि भिंतींतल्या तोट्यांतून जोरानें अंगावर सोडतो. हें पाणी रोज बदलावयाचें नसतें. औषधांनीं शुद्ध ठेवून तीन-चार महिने तेंच वापरावयाचें असतें. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडील या चैनीच्या वस्तूकडे आम्ही पंधरा वर्षें तिऱ्हाइताच्या दृष्टीनेंच पाहत आलों होतों.

ही दृष्टि पालटली ती आईमुळें. गेल्या ऑक्टोबरांत ती वाईहून सहा महिन्यांकरितां आमच्याकडे आली. तिचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे तिच्याहूनहि वडील दिसत. 'गुडघे कसे आहेत?' असें विचारलें कीं 'आहेत जागच्या जागी,' एवढेंच उत्तर मिळे. परंतु पहाटे जिना उतरतांना ती दोन्ही हातांनीं कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबे, आणि कोणी पाहत आहे असें दिसलें कीं पदरानें कठड्याची धूळ पुसूं लागे. एकदां बोलतां बोलतां तिच्या तोंडून निघून गेलें, कीं वज्रेश्वरीच्या कुंडांत पाय सोडून बसले होते तेव्हां फार बरं वाटलं होतं. त्यास वीस वर्षें झालीं असतील. त्या रात्रीं आम्ही जुन्या टबांच्या जाहिराती वाचावयास बसलों.

हा हौद आंघोळीच्या चैनीकरितां जन्मास आलेला नाहीं, हें तेव्हांच आमच्या वाचनांत आलें. इटलीच्या उत्तरेकडील फ्रिउली प्रांतांतून जकूझी आडनांवाचे सात भाऊ कॅलिफोर्नियांत येऊन राहिले. ते विमानाचे पंखे बनवीत, आणि पुढें विमानेंहि बनवूं लागले. १९२१ सालीं त्यांचें एक विमान कोसळून एक भाऊ दगावला, तेव्हां तो नाद सोडून ते पंपांच्या धंद्याकडे वळले. त्यांतील कँडिडो यांच्या मुलास बालपणींच संधिवातानें गांठलें. खळाळत्या ऊन पाण्यानें त्याला रुग्णालयांत आराम पडे. तो घरच्या घरीं पडावा म्हणून न्हाणीच्या टबांत सोडतां येईल असा पंप बापानें तयार केला, व १९५६ सालीं तो विक्रीस आला. पंप टबाच्या अंगांतच बसविण्याची युक्ति त्याच घराण्यांतील रॉय जकूझी यांनीं १९६८ सालीं काढली. आम्हीं घेतलेला टब त्या घराण्याच्या कारखान्यांतला नव्हे. परंतु दुखऱ्या सांध्यांशीं या वस्तूचें नातें असें जुनें आहे हें कळल्यावर, पैसे खर्च करतांना जी टोंचणी लागते ती आम्हांस लागली नाहीं.

टब मिळाला तो दहा मैलांवर राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वीं वारली होती, आणि तेव्हांपासून टब कोरडा पडून होता. किंमत सहाशें डॉलर. मजूर आणि मालगाडी आम्हीं तासाच्या बोलीनें नेली होती. मजूर टब उचलूं लागले तेव्हां त्या गृहस्थांनीं त्याच्या कडेवर हात ठेवला आणि ते म्हणाले, 'पाणी भरतांना एक गोष्ट लक्षांत ठेवा—' आमचा डोळा घड्याळावर होता. आठ रात्री जागून आम्हीं टबांविषयीं इतकें वाचलें होतें, कीं आतां कोणाकडून कांहीं ऐकावयाचें राहिलें आहे असें आम्हांस वाटत नव्हतें. 'हो, हो, सर्व ठाऊक आहे,' असें म्हणून आम्ही मजुरांकडे वळलों. त्यांनीं एक जाडजूड वहीहि पुढें केली होती. 'मागाहून नेऊं' म्हणून ती आम्हीं तेथेंच ठेविली.

सिमेंटचा ओटा तयार होता. नगरपालिकेचा परवाना काढून एका वीजतंत्र्याकडून २४० व्होल्टची वायर ओढून घेतली होती. आम्हीं रबरी नळी टबांत सोडून दिली. सुमारें १,३०० लिटर, म्हणजे वजनानें तेवढेच किलो पाणी त्यांत मावलें. आई खिडकींतून पाहत होती. आम्हीं बटण दाबलें. पंप गुरगुरला, आणि तबकडीवर तीन अक्षरें उमटलीं: एफ्, एल्, ओ.

या अक्षरांचा अर्थ 'प्रवाह नाहीं' असा. हीटरवरून पाणी वाहत नाहीं, सबब पाणी तापविणार नाहीं, असा तो निरोप होता. टब तर कांठोकांठ भरलेला! तेव्हां यंत्र धडधडीत खोटें बोलत आहे, असें आम्हीं ठरविलें. गाळणी काढून धुतली. मग ती न बसवितां पंप चालवून पाहिला. पाणी दोन बोटें वाढविलें. वीज दहा वेळां बंद केली आणि दहा वेळां सुरू केली. पंप गुरगुरे, पण तोट्यांतून पाण्याची धार कांहीं निघेना. बाहेर शून्याखालीं दहा अंश थंडी. वाहतें पाणी सहसा गोठत नाहीं. परंतु आमचें वाहतच नव्हतें. तें नळ्यांत गोठलें असतें तर नळ्या फुटून सारा टब भंगारांत काढावा लागला असता. तिसऱ्या रात्रीं आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस एक पत्र लिहिलें. 'आपल्या वयाचा मान राखूनहि असें म्हणणें भाग आहे, कीं आपण आम्हांस फसविलें,' हें त्यांतलें सर्वांत सौम्य वाक्य होतें. पत्र पाकिटांत घालून त्यावर तिकीटहि लावलें.

सकाळीं आईनें पाकीट पाहिलें. 'त्यांना विचारलंस का?' तिनें म्हटलें.

'काय विचारायचं? बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलंय.'

'काय म्हणतंय यंत्र?'

आम्हीं तीन अक्षरांचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, 'मग बरोबरच म्हणतंय की. पाण्यावाचून बंब पेटवला तर डाख सुटतो. हे पेटत नाही, म्हणजे शहाणं आहे. मोटारीनं हवा धरली असेल. आपल्या विहिरीवरची धरायची, तेव्हा तुझे वडील नट सैल करून हवा काढायचे. पाणी आलं की आवळायचे. पण आधी त्यांना फोन कर. ज्यानं वापरलं त्याला ठाऊक असतं.'

वाईच्या आमच्या घरीं तांब्याचा बंब होता. तोहि जुनाच घेतलेला. तो घेतला त्या दिवशीं आई विकणाऱ्या घरच्या बाईंपाशीं तासभर बसून आली होती, हें आम्हांस आठवलें. तेव्हां ती गप्पा मारीत बसली असें आम्हांस वाटलें होतें.

फोन केल्यावर तासाभरांत ते वृद्ध गृहस्थ स्वतः आले. हातांत तीच वही होती. त्यांनीं बाजूची फळी काढली, वीज बंद करविली आणि पंपाला जोडलेली मोठी चाकी किंचित् सैल केली. फुसफुस असा आवाज कांहीं क्षण आला, मग पाणी ठिबकूं लागलें. त्यांनीं चाकी आवळली, वीज सुरू झाली आणि साऱ्या तोट्या एकदम खळाळल्या. 'नळी गाळणीच्या भोंकांत धरून पाणी भरावयाचें असतें, म्हणजे नळ्यांतून आंत हवा राहत नाहीं,' ते म्हणाले. 'त्या दिवशीं सांगणार होतों तें हेंच.' वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या पत्नीच्या हातचें तेंच वाक्य होतें. आम्हीं तें वाचलें, आणि तिकीट लावलेलें पाकीट वर्तमानपत्राखालीं सारलें.

पण संकट सरलें नव्हतें. पाणी वाहूं लागल्यामुळें हीटर प्रथमच सुरू झाला, आणि दोन मिनिटांत ब्रेकर पडला. पुन्हां लावला, पुन्हां पडला. वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला. 'दोन वर्षें मीं त्याकडे पाहिलें नाहीं. तुमचे पैसे परत देतों,' असें ते म्हणाले. ते गेल्यावर आम्हीं वीजतंत्र्यास फोन लावला आणि विचारलें, कीं हा नाजूक ब्रेकर काढून साधा बसविला तर भागणार नाहीं काय? पलीकडून थोडा वेळ उत्तरच आलें नाहीं. मग त्यानें शांतपणें विचारलें, 'त्या पाण्यांत कोण बसणार आहे?'

वाचकहो, त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मागें खुर्चीवर बसून शेंगा सोलीत होतें. हा ब्रेकर म्हणजे काय हें आम्हीं वाचलें होतें, परंतु घाईंत आठवणीबाहेर टाकलें होतें. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा तो सतत ताळा पाहतो. पांचसहा मिलिअँपियर एवढी वीज जरी वाट सोडून भलतीकडे जाऊं लागली, तरी तो क्षणार्धांत प्रवाह तोडतो. ती भलतीकडची वाट माणसाच्या अंगांतून असूं शकते. रात्रीं हांक मारून घर जागें करणाऱ्या गस्तवाल्यास झोंप मोडली म्हणून कामावरून काढून टाकावें, तसा आमचा बेत होता. तीन अक्षरांनीं हीटर वांचविला, ब्रेकरनें माणूस वांचविला असता. आणि आम्हीं दोघांसहि बिघाड म्हणून शिव्या दिल्या होत्या.

वीजतंत्री दुसऱ्या दिवशीं येणार होता. त्या संध्याकाळीं वृद्ध गृहस्थ पुन्हां आले. त्यांनीं साठ वॉटचा तारेचा जुना दिवा आणला होता. पंपाच्या कप्प्यांत, ओल लागणार नाहीं अशा जागीं तो त्यांनीं लटकविला व फळी लावली. त्याच्या ऊबेनें पंप आणि नळ्या रात्र काढतील, असें ते म्हणाले. त्यांची पत्नी वीज गेल्यावर असें करी काय, असें आम्हीं विचारलें. 'वीज गेल्यावर दिवा कसा लागेल?' ते हंसून म्हणाले. 'पंप बिघडला होता तेव्हां केलें होतें.'

वीजतंत्र्यानें मुख्य वीज तोडून हीटरच्या दोन वायरी सोडविल्या, आणि मग वीज लावली. ब्रेकर पडला नाहीं. म्हणजे दोष हीटरचाच. आंतली तापणारी कांब गंजून तिला चीर गेली होती. नवी कांब आणि मजुरी मिळून अडीचशें डॉलर झाले. वृद्ध गृहस्थ निम्मे देऊं लागले. आम्हीं ते घेतले नाहींत.

आईच्या रक्तदाबाकरितां डॉक्टरांस विचारलें. टबाचें पाणी १०४ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सियसच्या वर कोणाकरितांच नेऊं नये असा दंडक आहे. आईस ९८ अंशांची आणि दहा मिनिटांची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशीं तिच्या डोक्याच्या तेलानें पाण्यावर फेस आला. 'आधीं आंघोळ करून मग उतरावें' हेंहि वहींत होतेंच. ती सुनेचा हात धरून उतरली, गळ्यापर्यंत बसली, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, 'डावा फार दुखतो रे. उजवा त्या मानानं बरा.'

तीन महिन्यांत गुडघ्यांविषयीं तिनें आम्हांस सांगितलेलें हें पहिलें वाक्य. आम्हीं एका यंत्राच्या तीन अक्षरांवर तीन रात्री घालविल्या होत्या. घरांतल्या माणसाचा निरोप मात्र आम्हांस जिन्यावर चोरून वाचावा लागत होता.

मार्चमध्यें ती परत गेली. गुडघे बरे झाले नाहींत. तसें कोणी म्हटलेंहि नव्हतें. परंतु रोजचीं तीं दहा मिनिटें तिला मिळालीं. पत्र आम्हीं फाडून टाकलें. वही आतां आमच्याकडे आहे. तींत त्या बाईंच्या सुबक अक्षरांत पाणी बदलल्याच्या, गाळणी धुतल्याच्या तारखा आहेत. पाण्याचा आम्लपणा किती, ७.२ व ७.८ यांच्या दरम्यान तो आहे कीं नाहीं, हें आठवड्याआठवड्यास लिहिलेलें आहे. मग दुसऱ्या, कांपऱ्या हातचे दोन आठवडे आहेत. आणि पुढें पानें कोरीं. आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें, कीं येथून पुढें आम्हीं लिहिलें तर चालेल काय? ते म्हणाले, 'तारीख घालून लिहा.'

आई दर रविवारीं फोनवर पाणी बदललें कीं नाहीं तें विचारते. आम्ही वही उघडून तारीख सांगतों, आणि मग डाव्या गुडघ्याचें विचारतों. आतां ती सांगते.