मांडीवरचं तिकीट

परवा नांदेडहून भाचीचा फोन आला. पुढच्या महिन्यात ती सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन टोरांटोला निघाली आहे. जावई वर्षभर आधीच तिकडे गेलेत. "खाला, इत्ते छोटे बच्चे कू लेको कैसा जाऊँ? तुम तो गए थे ना." मी तिला दहा-बारा गोष्टी लिहून पाठवल्या. कुठलं दूध, किती लंगोट, कुठली बॅग. पण त्या यादीत बसलं नाही असं बरंच काही मागे राहिलं. ते इथे लिहिते आहे.

माझी लेक मार्च २०१६ मध्ये लातूरला, माझ्या माहेरी जन्मली. त्या वर्षीचं लातूर आठवत असेल तुम्हाला. नळ कोरडे, टँकरपुढे घागरींच्या रांगा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर. अख्खा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता आणि आमच्या घरी अम्मी बाळाच्या अंघोळीचं पाणी टोपात धरून त्यावर संडास धूत होती. लेकीचे अब्बा सौदीत, दम्मामला नोकरीला. ते तिला मोबाइलवर बघत. तीही त्यांना मोबाइलवरच बघत मोठी होत होती. "अब्बा कहाँ?" विचारलं की ती फोनकडे बोट दाखवायची. आम्ही सगळे हसायचो. मी थोडं कमी हसायचे.

कुटुंबाचा व्हिसा निघाला आणि मग कागदांची वारी सुरू झाली. बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो हे अब्बांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत पटलं नाही. "दूध पीती बच्ची का कायका पासपोर्ट?" त्या वर्षी पासपोर्ट केंद्र ना लातूरला होतं, ना नांदेडला. तिला कडेवर घेऊन रात्रभर बसचा प्रवास केला. फोटोत दोन्ही डोळे उघडे हवेत, मागे पांढरं हवं, धरणाऱ्याचा हात दिसायला नको. लातूरच्या फोटोवाल्याने पांढऱ्या चादरीवर तिला निजवून, स्टुलावर चढून, तोंडाने कबुतराचे आवाज काढत चाळीस फोटो काढले. आई-बाप दोघांच्याही सह्या लागतात. बापाची सही समुद्रापलीकडून आली. निकाहनामा, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्के. विमानात बसायच्या आधीच माझा अर्धा प्रवास झाला होता.

जानेवारी २०१७ मध्ये निघालो तेव्हा ती दहा महिन्यांची होती. लातूरहून हैदराबाद बिदरवरून सरळ पडतं. पण सासरचा उंबरा ओलांडल्याशिवाय सून परदेशी कशी जाणार? म्हणून आधी अहमदपूर, लोहा करत नांदेड. तिथे दोन दिवस सगळ्या मोहल्ल्याचे सल्ले. एक म्हणाली, विमानात अफूची चिमट देतात मुलांना. दुसरी म्हणाली, कानात कापूस घाल. तिसरी म्हणाली, दहा महिन्यांच्या पोरीला नेतातच कशाला. निघताना सासूबाईंनी माझ्या आणि लेकीच्या दंडावर इमाम-जामिन बांधला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हिरव्या कापडाच्या पट्टीत नाणं गुंडाळून प्रवाशाच्या दंडाला बांधतात. सुखरूप पोचलं की सोडून ते पैसे गरिबाला देतात. दख्खनमध्ये हा रिवाज जुना आहे. लेकीचा दंड इतका बारीक की पट्टीचे तीन वेढे बसले.

देगलूर सोडलं की तेलंगण लागतं. रस्ता तेव्हा खराब होता. जीपमध्ये ती तीनदा ओकली. हैदराबादचा विमानतळ आला तेव्हा माझ्या ओढणीला आंबट दुधाचा वास येत होता आणि खरा प्रवास अजून सुरूच व्हायचा होता.

सुरक्षा तपासणीत तिच्या दंडाजवळ यंत्र वाजलं. तपासणाऱ्या बाईंनी पट्टी चाचपली, हसल्या. "इमाम-जामिन है ना?" हैदराबादेत समजावून सांगावं लागत नाही. मग माझ्या थर्मासकडे वळल्या. बाळाचं दूध-पाणी १०० मिलिलिटरच्या नियमात धरत नाहीत, पण मला एक घोट पिऊन दाखवायला लावलं. मी प्यायले. ओतून टाका म्हणाल्या असत्या तर मात्र मी भांडले असते. लातूरचं माणूस उकळलेलं पाणी ओतत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाचं विमानात साधारण दहा टक्के भाडं लागतं आणि त्यात त्याला जागा मिळत नाही. ते मांडीवर बसतं. आठ किलोचं मूल तासभर मांडीवर हलकं असतं, दुसऱ्या तासाला गहू दळून आणल्यासारखं होतं. समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा आम्ही मागितला होता. विमानात गेल्यावर कळलं की तो दुसऱ्याला दिला. विमान वर चढलं आणि तिने किंचाळायला सुरुवात केली. डब्यातली हवा वर गेल्यावर सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ होते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरच्यापेक्षाही विरळ. कानाच्या आतला दाब लगेच जुळत नाही. मोठी माणसं आवंढा गिळतात, बाळाला ते सांगता येत नाही. त्यासाठी चढताना आणि उतरताना पाजायचं असतं. हे मला माहीत होतं. पण तोंड लावायलाच तयार नसेल तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ती रडत राहिली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मागे वळून पाहिलं. दुसऱ्याने च्यक् केलं. बुरख्यातली बाई, कडेवर किंचाळणारं मूल. लोकांच्या नजरेत काय काय असतं ते मला वाचता येतं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होते. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

शेजारच्या जागेवर तिशीचा एक मजूर होता. तेलंगणातल्या कुठल्याशा गावचा. नवी कोरी चप्पल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. कितीतरी वेळ तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दो आपा, मैं पकडता." मी संकोचले. परका पुरुष. पण माझे हात थरथरत होते. दिली.

त्याने तिला खांद्यावर टाकलं, मधल्या वाटेत उभा राहिला आणि तेलुगूत काहीतरी हळू गुणगुणत पाठीवर थोपटू लागला. सरावलेले हात होते. पाच-सात मिनिटांत ती गप्प झाली, मग झोपली. त्याने तिला परत दिली नाही. बसला आणि तशीच छातीवर धरून ठेवली. तासाभराने मी हात पुढे केले तर म्हणाला, "सोने दो." आणि थोड्या वेळाने, "मेरी भी इतनीच है. चार महिने की थी, तब्बी छुट्टी पे आया था. अब दो साल के बाद."

मी मागे वळून विमान पाहिलं. दोनशेच्या आसपास माणसं असतील, बहुतेक पुरुष. लेकरं मोजून चार. सौदीत कुटुंब बोलावायचं तर हुद्दा आणि पगार पाहतात. मजुराला, हेल्परला, ड्रायव्हरला सहसा ती परवानगी नसते. त्या विमानातल्या बहुतेकांनी आपापली पोरं गावी ठेवली होती. च्यक् करणाऱ्यानेही ठेवलं असेल एखादं. लहान मूल घेऊन प्रवास करणं किती हालाचं, हे मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. पण तो हाल ज्याच्या वाट्याला येतो तो नशीबवान असतो, हे त्या तेलुगू माणसाने मला न बोलता दाखवलं.

मधल्या विमानतळावर पाच तास थांबायचं होतं. तिथे आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रांगेत निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. नमाजच्या खोलीत मी प्रवासातली सूट घेऊन चारऐवजी दोन रकात पढले, लेक कडेवरच. पैगंबर साहेबांनी नातीला, उमामाला, उचलून घेऊन नमाज पढल्याचं हदीसमध्ये आहे. त्या दिवशी त्याचा फार आधार वाटला.

दम्मामला रात्री पोचलो. लांडग्यासारखी भूक, फुगलेले पाय, ओढणीला तोच वास. लेकीचे अब्बा कठड्यापाशी उभे होते, नवा शर्ट घालून. त्यांनी हात पसरले आणि लेकीने जी किंकाळी फोडली, ती विमानातल्यापेक्षा मोठी होती. माझ्या मानेला घट्ट धरून बसली. हे हसले. "थकी है," म्हणाले. गाडीत पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "अब्बा कहाँ?" अब्बा समोर बसलेले, तिने टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. चौथ्या दिवशी सकाळी ती रांगत त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा पायजमा धरून उभी राहिली. इमाम-जामिन आम्ही तोवर सोडला नव्हता. त्या दिवशी सोडला.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १ जुलै २०१७ पासून तिथे परदेशी माणसाच्या कुटुंबातल्या प्रत्येकावर महिन्याला १०० रियाल कर लागला. दर वर्षी तो १०० ने वाढून २०२० मध्ये ४०० होणार होता. विमानात जी पोरगी माणसाचा दहावा हिस्सा होती, ती इथे अख्खी मोजली गेली. जेवढं माझं, तेवढंच तिचं. जुलै २०१९ पासून आम्हा दोघींचे वर्षाचे ७,२०० रियाल झाले असते, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. आमच्या ओळखीतली कितीतरी घरं रिकामी झाली. जून २०१९ मध्ये आम्हीही परतलो, दोघीच. आता तिला स्वतःची जागा होती, खिडकीजवळची. तिने एकदाही रडून त्रास दिला नाही. फक्त विचारलं, अब्बा कुठे बसलेत?

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. चढता-उतरताना पाज, कपड्यांचा एक जोड स्वतःसाठीही हातातल्या बॅगेत ठेव, पाळण्याचं पुन्हा पुन्हा विचार, सॉरी म्हणत बसू नको आणि शेजारच्याने हात पुढे केले तर पोराला दे, एवढंच सांगितलं. ती लिहून घेत होती. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "खाला, वो अपने अब्बा कू पहचाना नहीं तो?"

म्हटलं, रडू दे. तीन-चार दिवस लागतात.