पाणचक्कीचा फोटो

औरंगाबादच्या पाणचक्कीला आलेला माणूस आधी मोबाइल काढतो. उंचावरून हौदात कोसळणारे पाणी आणि जुना वड, एवढे फोटोत सहज मावते. पण हे पाणी येते कुठून? शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालची नहर ते कित्येक किलोमीटर वाहून आणते. ती नहर कोणत्याच फोटोत येत नाही. हजरत बाबा शाह मुसाफिर (रहमतुल्लाह अलैह) यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की याच पाण्यावर फिरे आणि फकीर, तालिबे-इल्म व मुसाफिरांसाठी पीठ दळी.

अल्लाहच्या नेमतींचेही असेच आहे. ताटातली भाकरी दिसते. तिच्यामागचा पाऊस आणि शेतकऱ्याची मेहनत दिसत नाही. सूरह मुल्कची शेवटची आयत पाण्याविषयीच विचारते. अनेक घरांत ही सूरह रोज रात्री पढली जाते. सकाळी नळ उघडताना तो प्रश्न आठवतो का?

सहलीचे फोटो घरी पाहाल, तेव्हा मुलांना विचारा, यात न दिसणारी नेमत कोणती? पहाटे उठून डबा भरून देणारी दादी, सुखरूप पोहोचवणारा ड्रायव्हर आणि फोटो काढत असल्यामुळे एकाही फोटोत नसलेले अब्बा. प्रत्येक उत्तरावर सगळ्यांनी मिळून अल्हम्दुलिल्लाह म्हणावे.