दिल्लीभोवतीची मचाणे

सोलापुराकडील ज्वारीच्या शिवारात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माळा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चार मेढी रोवून त्यांवर तट्ट्या टाकल्या की माळा झाला. कणसे भरू लागली म्हणजे पहाटेपासून पोरे त्या माळ्यावर चढत आणि गोफणी फिरवून पाखरांना पळवून लावीत. शिकाऱ्याचे मचाण हे या माळ्याचेच भावंड. फरक इतकाच की, माळ्यावरचा राखणदार आरडाओरडा करून जीव दूर घालवतो आणि मचाणावरचा माणूस श्वास रोखून तो जवळ येण्याची वाट पाहतो.

या मचाणाचा विषय आमच्या घरात निघाला तो एका पुतण्यामुळे. हा पुतण्या नोकरीनिमित्त गुरुग्रामला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांची छायाचित्रे घेत हिंडतो. एका रविवारी तो दिल्लीला आमच्याकडे जेवायला आला असता त्याने एका परदेशी वस्तूचे चित्र पुढे केले. "काका, हे बघा. झाडावर चढणारे मचाण! वजन अवघे नऊ किलो."

वस्तू खरोखरच कल्पक होती. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे दोन सांगाडे. एक बसायचा, एक पाय टेकायचा. प्रत्येकाला एक लोखंडी दोर, तो झाडाच्या बुंध्याभोवती अडकवायचा. मग बसता सांगाडा हातांनी वर सरकवायचा, त्यावर भार टाकून पायाखालचा ओढून घ्यायचा, पुन्हा हात, पुन्हा पाय; सुरवंट चढतो तसे माणसाने चढायचे. अमेरिकेतील हरणांचे शिकारी हे साधन पाठीला लावून रानात नेतात. वहिनींनी चित्र पाहिले आणि त्यांचा घास हातातच राहिला. "आणि पडलास म्हणजे?" त्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. त्या देशात शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत मचाणावरून पडण्याचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच अंगभर पट्टे बांधून ते झाडाला जोडल्यावाचून जमीन सोडू नये, असे तेथे बजावून सांगतात.

मला त्या वेळी आठवण झाली ती आमच्या चांद्याच्या मामांची. जंगलखात्यातील नोकरीत साहेबलोकांसाठी मचाणे बांधण्यात त्यांची उमेद गेली होती. हलके मचाण कोणते, असे कोणी विचारले की ते म्हणत, "बाज!" खेड्यातून सुंभाची एक बाज मागून आणायची, दोन माणसांनी ती झाडात चढवायची, दोरांनी फांद्यांना आवळायची आणि काम झाले की ज्याची त्याला परत करायची. मात्र झाड निवडण्याच्या कामी ते घाई करीत नसत. आधी वारा पाहायचा; जनावर ज्या बाजूने येणार त्या बाजूला आपला वास जाता कामा नये. मग उंची. बारा ते पंधरा फूट बरी. त्याहून खाली धोका, फार वर गेले की पानांआड काही दिसत नाही. मागे चढण असेल तर ते झाड सोडून द्यायचे, कारण आपण पंधरा फुटांवर बसलो तरी चढणीवरून येणारे जनावर आपल्या बरोबरीला येते. आडोशासाठी पाला तोडायचा तो दूरच्या झाडाचा. खिळा मारायचा नाही. ठोक्याचा आवाज रानभर जातो. आणि वाघ सहसा मान वर करून पाहत नाही म्हणून निर्धास्त राहावे, पण बिबट्याच्या बाबतीत ते खरे धरू नये, तो स्वतःच झाडावर चढणारा! एवढे सगळे सांगून झाले की मामा उठून लंगडत आत जात. मागच्या मोसमातला दोर त्यांनी एकदा न तपासता पुन्हा वापरला होता. त्यांचे मचाणाचे सारे शास्त्र त्या पायात होते.

मचाणावरच्या चिकाटीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेट. गढवालात रुद्रप्रयागच्या परिसरात आठ वर्षांत सव्वाशे माणसे मारणाऱ्या बिबट्यासाठी हा गृहस्थ गोलाबराईच्या यात्रामार्गावरील एका आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसला आणि मे 1926 च्या आरंभी त्याने तो बिबट्या मारला. पुढे हाच कॉर्बेट बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे वळला. केनियात एका प्रचंड अंजिराच्या झाडावर ट्रीटॉप्स नावाचे मचाणगृह होते. तेथे रात्रभर बसून पाणवठ्यावरचे हत्ती-गेंडे नुसते पाहावयाचे. फेब्रुवारी 1952 मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामाला असताना कॉर्बेट सोबत होता. त्याच रात्री तिचे वडील निवर्तले. झाडावर चढली ती राजकन्या, उतरली ती राणी.

पण हे सारे दूरचे झाले. पुतण्याला मी म्हटले, "अरे, वस्तू मागवण्याआधी झाडे पाहू. तुझ्या या सांगाड्याला सरळ, गोल, खालच्या फांद्या नसलेला बुंधा हवा. तो दिल्लीच्या आसमंतात कोठे आहे, हे तू मला दाखव." त्या हिवाळ्यातील आमच्या भ्रमंतीचे हे निमित्त.

प्रथम आम्ही रिजवर गेलो. अरवलीची शेपटी दिल्लीत शिरते ती या खडकाळ टेकड्यांच्या रूपाने. आज तिच्यावर दाट रान दिसते खरे, परंतु त्यातील बहुतेक भाग आपण महाराष्ट्रात जिला वेडी बाभूळ म्हणतो तिचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी अमेरिका खंडातले हे झाड येथे आणून लावले आणि त्याने स्थानिक झाडांना बाजूस सारले. बुंध्यापासूनच वाकडे, काटेरी, जमिनीपासून फुटलेले. पुतण्याने एका झाडाला कवळ घालून पाहिली आणि सदरा फाडून घेतला.

याच टेकड्यांवर सहा शतकांपूर्वी सुलतान फिरोजशाह तुघलक शिकार करीत असे. त्याची कारकीर्द 1351 ते 1388 ची. त्याला इमारती बांधण्याचा आणि शिकारीचा, असे दोन्ही षौक होते. साहजिकच त्याने शिकारीसाठी इमारती बांधल्या. करोलबागेजवळच्या रानात भुली भटियारीचा महाल आहे, सरदार पटेल मार्गाच्या आत झाडीत मालचा महाल आहे, आणि उत्तरेकडे हिंदुराव रुग्णालयाच्या आवारात पीर गैब नावाची दुमजली वास्तू उभी आहे. हिलाच कुश्क-ए-शिकार, म्हणजे शिकारीचा वाडा, असे म्हणत. तिच्या छतातून आरपार गेलेला एक पोकळ दगडी नळा पाहून ती वेधशाळाही असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. या वाड्यापाशी उभारण्यासाठी फिरोजशाहाने मेरठहून अशोकाचा स्तंभ आणवला. फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचे तुकडे झाले. 1867 मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. जीवहत्या टाळा म्हणून सांगणाऱ्या राजाचा स्तंभ शिकारीच्या वाड्याची शोभा व्हावा, ही मौज पुतण्याला फार आवडली. रुग्णालयाच्या रांगांतील माणसे मात्र त्या दुमजली वास्तूकडे ढुंकूनही पाहत नव्हती. पीर गैबच्या भिंती इतक्या जाड आहेत की हलक्या मचाणाचा विचार तेथे मनातही येत नाही.

नंतर असोला-भाटीला गेलो. दिल्लीच्या दक्षिण टोकाचे हे अभयारण्य 1986 आणि 1991 अशा दोन टप्प्यांत झाले. भाटीच्या खाणींतून निघालेल्या बदरपूर वाळूने दिल्लीची कित्येक घरे उभी राहिली; खाणी बंद पडल्यावर खोल खड्ड्यांत पाणी साचून निळी तळी झाली. आपल्या मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र येथे आहे. येथे बिबटे असल्याचा पुरावा मिळाला तो मचाणावर बसून नव्हे. गुडघाभर उंचीवर झाडाला पट्ट्याने बांधलेली कॅमेऱ्याची डबी, समोरून ऊबदार अंगाचे काही हलले की आपोआप चित्र घेते. माणूस घरी झोपलेला असतो. मला हे जरा रुक्ष वाटले, हे कबूल केले पाहिजे. वाट पाहण्याचे काम यंत्राला दिले म्हणजे रात्रीचे रान ऐकणारा कोणीच उरत नाही.

डिसेंबरात भरतपूर झाले. राजस्थानातील हा जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. केवलादेव घना येथील पाणथळ, त्यातल्या बाभळी, कळंबाची झाडे आणि हजारो पाखरे यांचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. मी सांगणार आहे ते केवलादेवाच्या देवळाजवळील दगडी पाट्यांविषयी. 1902 पासून येथे झालेल्या बदकांच्या शिकारींचा हिशेब त्यांवर कोरला आहे: तारीख, कोणाच्या सन्मानार्थ, बंदुका किती, पाखरे किती. 12 नोव्हेंबर 1938 या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आले होते. त्या ओळीपुढे आकडा आहे 4,273. मी तो मोठ्याने वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढले. पाट्यांवरील शेवटच्या नोंदी 1964 च्या आहेत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही हे चालूच होते. सलीम अलींसारख्यांच्या खटपटीने 1956 मध्ये हे पक्षी अभयारण्य ठरले होते, तरी संस्थानिकाचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत राहिला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारेही बंद केली. सैबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच मात्र 2002 नंतर येथे दिसलेले नाहीत.

"येथे बुंधे आहेत," परतताना पुतण्या म्हणाला, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. बुंधे होते, आणि प्रत्येक बुंध्यावर कोणाचे तरी घरटे होते.

शेवटी उरले सुलतानपूर. गुरुग्रामहून फर्रुखनगरच्या वाटेवर पंधरा किलोमीटरवरचे हे लहानसे उद्यान. विस्तार दीड चौरस किलोमीटरहूनही कमी. एव्हरेस्ट मोहिमेची वार्ता देण्यासाठी 1953 मध्ये हिमालयात गेलेले पत्रकार पीटर जॅक्सन पुढे दिल्लीत पक्षिनिरीक्षणात रमले. त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना या तळ्याविषयी लिहिले आणि 1971 मध्ये ते संरक्षित झाले. 1991 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, 2021 पासून रामसर स्थळ. जवळचीच नजफगड झील ही तर याहून कितीतरी मोठी होती. इंग्रज अंमलदार तेथे बदके टिपायला जात. 1964 च्या पुरानंतर नाला रुंद करून तिचे पाणी काढून टाकण्यात आले. बंदुकांतून पाखरे वाचली होती. पाणी गेल्यावर त्यांना तेथे थांबण्याचे कारण उरले नाही.

फर्रुखनगरच्या रस्त्याला सरकंड्याचे मुढे विकणारे बसतात. पुतण्याने गाडी थांबवून एक उचलून पाहिला, करंगळीवर तोलला, हसला आणि घासाघीस न करता विकत घेतला.

उद्यानात वनखात्याने उभारलेली मचाणे आहेत. त्यांतील एका मचाणावर आम्ही मुढा ठेवून पाळीपाळीने बसलो. धुके होते. तळ्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर बाभळी लावल्या आहेत. त्यांवर चित्रबलाकांची घरटी होती आणि मोठी झालेली पिल्ले काड्यांवर उभी राहून पंख फडफडवीत होती. पुतण्याच्या भिंगाला ती दूर पडत होती. मी त्याच्याकडे पाहिले. त्या बाभळीपर्यंत पोहोचून वर चढण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला, हे मला समजले आणि आपल्याला ते समजले हे त्यालाही.

खालून फिरतीवरचा राखणदार जात होता. कोणी विचारले नसतानाही तो थांबून सांगू लागला की, एकदा कोणी फार जवळ गेले, मोठे पक्षी उठले, आणि ते परतेपर्यंत कावळ्यांनी काम साधले होते. "उन्हातही पिल्ले टिकत नाहीत, साहेब. आईबापच त्यांची सावली असतात," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला. पुतण्याने भिंग आवरले.

थोड्या वेळाने रोहतकहून आलेले एक कुटुंब वर चढले. आजी, सून, दोन मुले. मचाण करकरले तशी आजीने कठडा घट्ट धरला. धाकट्या मुलीला काहीच दिसेना. धुक्यात नुसते आवाज. पुतण्याने तिला मुढ्यावर उभे केले, आपली दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली आणि एका हाताने तिची पाठ धरून ठेवली. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तेवढ्यात पाण्यावर उतरत होते. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजून मुलीने आजीला हळूच सांगितले, "दादी, दो हैं." आजी म्हणाली, मलाही दाखव.

ऊन वर येईपर्यंत दुर्बीण आमच्याकडे काही परत आली नाही.