फतेगंजातील खारीचे घरटे

बडोद्यास काही कामानिमित्त गेलो असता आम्ही चार दिवस फतेगंजात उतरलो होतो. हा शहराचा जुना छावणीचा भाग. जवळच विश्वामित्रीच्या काठी, महाराजा तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत १८७९ साली उभारलेली सयाजीबाग आहे. लोक तिला कामाठी बाग म्हणतात. बागेत काय किंवा घरांच्या आवारांत काय, पाठीवर पाच पट्टे असलेली खार दिवसभर दृष्टीस पडते.

आमच्या यजमानांच्या आवारात एक जुना कडुनिंब होता. त्याची फांदी कौलांवर आली, म्हणून मजूर बोलाविले होते. कुऱ्हाड उचलली जाणार तोच घरच्या आजी बाहेर आल्या.

"बाबांनो, थांबा. वर खारीचे घरटे आहे."

शिडी लावून पाहिले. गवत, कापूस व काथ्या यांच्या गोळ्यात तीन पिले होती. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले.

यजमान म्हणाले, "आई, पावसाळा तोंडावर आला. कौले फुटली तर?"

"फुटली तर नवी घालू. ही पिले खाली पडली, तर पुन्हा कोठून आणशील?"

त्या वेळी आम्हांस खारीच्या एका दूरच्या भाऊबंदाची आठवण झाली. दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या कोरड्या प्रदेशात व पातागोनियाच्या थंड माळांवर गिनीपिगच्या कुळातील एक लहानसा रानटी प्राणी राहतो. दोघेही कुरतडणारे, दोघांचेही पुढचे दात जन्मभर वाढतात. मात्र त्याला दिसण्याजोगी शेपटी नाही. तो झुडपांखाली बिळे करतो व पाला खाण्यासाठी झुडपांवर चढतो. त्याची मादी पावणेदोन महिन्यांच्या सुमारास विते; पिले केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात व लवकरच चालू लागतात. आपली खार सुमारे सहा आठवड्यांतच विते. तिच्या पिलांची राहिलेली वाढ घरट्यातच व्हावयाची असते. म्हणून फांदी तुटली की त्यांना पळून जाण्याचा मार्गच उरत नाही.

यजमानांनी क्षणभर विचार केला. मग दोर आणवून फांदी वर ओढून बांधली, मजुरांच्या हाती दिवसाची मजुरी ठेवली आणि पावसाळा संपल्यावर येण्यास सांगितले.

वाचकहो, आपल्याही अंगणात झाडे आहेत. कोयता लावण्यापूर्वी एकवार वर पाहावे, एवढेच आमचे सांगणे.