शुश्रूषा

घरांत एखादी महागाची वस्तु घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न बहुधा पैशाचा म्हणून पुढें येतो. पण थोडें खोल जाऊन पाहिलें म्हणजे तो माणसांचा आहे असें दिसतें. गेल्या उन्हाळ्यांत अशा एका प्रश्नानें आमच्या घरीं पंधरा दिवस मुक्काम केला. त्याचा निकाल कसा लागला तें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचें बिऱ्हाड भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथें, आयुधनिर्माणीच्या वसाहतींत आहे. मुलगा निर्माणींत नोकरीस. मी मास्तरकी संपवून त्याच्याजवळ राहतों. खोल्या तीन आणि माणसें सहा. नुकतीच बारावींत गेलेली माझी नात एके दिवशीं जेवतांना हळूच म्हणाली, "आबा, मला अभ्यासासाठीं हेडफोन हवा आहे." किंमत विचारली, तों १८,००० रुपये! माझा पहिला पगार चार आंकडीदेखील नव्हता. हजार रुपयांत मिळणारी वस्तु अठरा पट मोल देऊन कां घ्यावी, हें मला कळेना.

पण पैशाहून मोठा आक्षेप निराळाच होता. संस्कृतांत 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्यास पुढें आला. हा शब्द मीं वर्गांत शेंकडों वेळां फळ्यावर फोडून दाखविला. आतां घरांतल्याच पोरीनें कान झांकून बसावें, हें मला कसें रुचावें? शिवाय आमच्या गांवाची गोष्ट वेगळी आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं निर्माणींत स्फोट झाला आणि आठ कामगार प्राणांस मुकले. तेव्हांपासून घरांत भांडें पडलें तरी सून दचकून दाराकडे पाहते. अशा ठिकाणीं कान बंद करण्यासाठीं पैसे मोजावयाचे?

नातीनें वाद घातला नाहीं. कागद घेऊन आकृति काढली. या हेडफोनांत बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आणि आंतील यंत्र त्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर उत्पन्न करतें. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडतो आणि आवाज बराचसा विरून जातो. असा हेडफोन करण्याची कल्पना डॉ. अमर बोस यांस १९७८ सालीं विमानप्रवासांत सुचली. कूलरची घरघर या युक्तीनें चांगली दबते. माणसाचें बोलणें मात्र तितकें दबत नाहीं. साधा हेडफोन घेतला तर कूलरवर मात करण्यासाठीं आवाज वाढवावा लागतो, आणि खरा धोका तेथेंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें ८० डेसिबल आवाजाला आठवड्यास ४० तासांची मर्यादा घातली आहे. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत.

हिशेब पटला, पण मास्तराची खोड जाईना. मीं विचारलें, "थंडींत तर कूलर बंद असतो. मग तेव्हां कसला त्रास?"

पोर मान खालीं घालून बसली. उत्तर वाढतां वाढतां सौभाग्यवतीकडून आलें : "अहो, तुमच्या टीव्हीचा! तुमच्या बातम्या शेजारच्या क्वार्टरांत ऐकूं जातात. आणि तुम्ही घरांत बोलतां तें वर्गांत बोलल्यासारखें. इतके दिवस कोणी बोललें नाहीं, एवढेंच."

पंगतींत कोणी मान वर केली नाहीं.

मला कमी ऐकूं येतें हें तीन वर्षांपूर्वींच मुलाच्या ध्यानांत आलें होतें. त्यानें तपासणीची गोष्ट काढली कीं 'उगाच खर्च' म्हणून मी ती उडवून लावीत असें. आतां मुकाट्यानें भंडाऱ्यास कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. वय वाढूं लागलें म्हणजे उंच पट्टींतील ध्वनि आधीं हरवतात. त्यामुळें स्वर ऐकूं येतात, पण स, श, फ यांसारखीं व्यंजनें निसटतात, असें त्यांनीं समजाविलें. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारणाऱ्या माणसाचीं व्यंजनेंच हरवलीं होतीं! हल्लींचीं मुलें तोंडांतल्या तोंडांत बोलतात, ही माझी नेहमींची तक्रार. दोष त्यांच्या तोंडांत नव्हता.

दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांची किंमत हेडफोनच्या दुपटीहून अधिक निघाली. मुलगा "घेऊन टाकूं, बाबा" एवढेंच म्हणाला. आकृति नाहीं, पंधरा दिवसांची चर्चा नाहीं. घरीं परततांना वाटेंत मला त्याचीच लाज वाटत होती. ज्याच्यामुळें गोंगाट होतो त्याच्या कानांसाठीं पैसा तात्काळ निघतो, आणि जी तो निमूटपणें सोसते तिनें मात्र आपली गरज सिद्ध करून दाखवावी, हा कुठला न्याय?

त्याच महिन्यांत दोन्ही वस्तु घरीं आल्या. हेडफोनचे निम्मे पैसे मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून दिले. नियम आम्हीं दोघांनीं बसून ठरविले : रस्त्यावर व सायकलवर हेडफोन लावावयाचा नाहीं, आवाज अर्ध्याच्या वर न्यावयाचा नाहीं, आणि जेवतांना तिनें हेडफोन काढावयाचा व मीं श्रवणयंत्र लावावयाचें. हा शेवटला नियम तिचा.

माझ्या वयाच्या कुटुंबप्रमुखांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मूल कान झांकण्याची वस्तु मागूं लागलें, तर किमतीबरोबर 'तुला काय ऐकणें नकोसें झालें आहे?' हेंही त्यास विचारावें, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. शुश्रूषा वडिलांची करावयाची असते, असेंच मी शिकवीत आलों. ती वडिलांनींही करावयाची असते, हा धडा मला उशिरा मिळाला.

काल रात्रीं पानावर नात आजीला हलक्या आवाजांत म्हणाली, "थोडा भात." भाताचें पातेलें माझ्याजवळ होतें. मीं तें पुढें सरकविलें.