धुके विरेपर्यंत

डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या सकाळी डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या उंच गच्चीवरून आग्नेयेकडे पाहावे. सात वाजता तेथे बहुधा काहीच नसते. पाण्याच्या टाक्या, केबलच्या तारा आणि त्यांपलीकडे राखाडी पडदा. ऊन चढू लागले की त्या पडद्यातून आधी मलंगगडाचा माथा आणि मग त्याची सारी रांग हळूहळू उमटते. त्या क्षणासाठी तासन्‌तास थांबणारे एक वृद्ध छायाचित्रकार माझे रुग्ण आहेत. संयम म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

उमेदीच्या काळात काकांचा प्रत्येक हिवाळा डोंगरांत गेला. पहाटेच्या लोकलने वांगणीला उतरायचे, चिंचवलीवरून चंदेरीचा चढ धरायचा. कधी आसनगावला उतरून माहुलीकडे वळायचे. पावसाळ्यात ढग डोंगर झाकतात, उन्हाळ्यात उष्णतेने क्षितिज धूसर होते. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिरप्या उन्हात कड्यांची प्रत्येक घळ उठून दिसते. एका चित्रासाठी तीनतीन हिवाळे त्याच जागी गेल्याचे ते सांगतात.

सत्तरी उलटल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. मी बजावले, “काका, डोंगर बंद. थंडीत सकाळी घराबाहेरसुद्धा पडायचे नाही.” त्यांनी ते तंतोतंत पाळले. दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई दवाखान्यात आल्या. “औषधे वेळेवर घेतात, पण जेवत नाहीत, बोलत नाहीत. कॅमेऱ्याची बॅग कपाटावर टाकून दिली आहे.” माझा रक्तदाबाचा हिशेब बरोबर होता, माणसाचा चुकला होता. मी मनाई लिहून दिली होती आणि तिच्या जागी काहीच दिले नव्हते.

पुढच्या तपासणीत आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. चढण नाही, पण लिफ्टने गच्चीवर जायचे, तेही उजाडल्यानंतर, टोपी-स्वेटर घालून आणि घरातील कोणीतरी सोबत असताना. एका रविवारी मीही गेलो. समोर केवळ धूसरपणा. मी दोनदा घड्याळ पाहिले. काका खुर्चीत शांत बसून म्हणाले, “डॉक्टर, डोंगर कुठे जात नाही. आपणच घाई करतो.” पाऊण तासाने मलंगगडाची कडा उमटली. त्यांनी एकच चित्र घेतले आणि कॅमेरा बंद केला.

हा धूसरपणा कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा गार, जड होऊन खाली बसते. वरचा उबदार थर झाकणासारखा राहतो. त्याखाली धूर, धूळ आणि बाष्प कोंडते. ऊन जमीन तापवू लागले की झाकण उघडते. म्हणजे जो पडदा डोंगर लपवतो, तोच दमेकऱ्याच्या छातीत शिरतो. शिवाय थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. तेव्हा आमच्या शहरांतील ज्येष्ठांसाठी मी एक ढोबळ माप सांगतो : डोंगर दिसू लागला, की बाहेर पडावे. छायाचित्रकाराचा संयम आणि रुग्णाचे पथ्य येथे एकच होतात.

ठाण्यात राहणाऱ्यांना उपवन तलावाचा काठ सोयीचा आहे. तेथे सकाळचे ऊन आपल्या पाठीशी राहून येऊरच्या डोंगरांवर पडते. पाणपक्ष्यांची आवड असेल तर ठाणे खाडी आहे. 2015 मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये ती रामसर यादीत गेली. कल्याणकरांना दुर्गाडीजवळची खाडी आहे. मोबाइलचा कॅमेराही पुरतो.

मात्र काही नियम पाळावेत. डोळा कॅमेऱ्याला लावून पाऊल मागे टाकू नये. खाली वाकून चित्र घेतल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे अशा वेळी घेरी येऊ शकते. घडीची खुर्ची, पाणी आणि नेहमीची औषधे जवळ असावीत. छातीत दडपण, दम लागणे, घाम फुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास ‘थोडे थांबून पाहू’ म्हणू नये. त्वरित रुग्णालय गाठावे. संयमाची ती जागा नव्हे.

अमेरिकेतील प्रसिद्ध छायाचित्रकार अँसल ॲडम्स 1927 च्या एप्रिलमध्ये काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन बर्फातून योसेमिटीतील हाफ डोम कड्यासमोर पोहोचले. कडा सावलीत होता. त्यावर ऊन येईपर्यंत ते थांबले. जवळ दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली वापरल्यावर मनातले चित्र तिच्यात उतरणार नाही असे वाटून त्यांनी काचेसमोरची गाळणी बदलली आणि दुसरीवर ते टिपले. थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, तर सज्ज राहणे, हे यातून कळते.

घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. आजारपणानंतरची उमेद हुकमाने परतत नाही. तिच्यासाठी रोज एक खुर्ची गच्चीवर मांडावी लागते आणि शेजारी बसावे लागते. काकांच्या सूनबाई आता रोज चहाचा थर्मास घेऊन वर जातात. काही दिवस डोंगर दिसतच नाही. दोघे चहा पिऊन खाली येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.