गाडीला लावलेला डोळा

आम्ही तिघे या शाळेचे माजी विद्यार्थी. पोटापाण्याचे उद्योग निरनिराळे, पण मोटारसायकलचे वेड एकच. भूगोलाच्या बाईंना ते ठाऊक असल्याने त्यांनी फर्मावले, "दर रविवारी उगाच पेट्रोल जाळता, त्यापेक्षा आठवीच्या मुलांसाठी चोर्ल्याच्या रस्त्याची फिल्म काढून आणा."

काम मनाजोगते होते. बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत 40-45 किलोमीटर गेले की कणकुंबी लागते. मलप्रभा इथे उगम पावते, पूर्वेला वळते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. जरा पुढे घाटमाथ्यापलीकडे पडलेला पाऊस मात्र म्हादईच्या खोऱ्यातून पणजीला, अरबी समुद्रात. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते, आणि आपल्या मुलांनी हे फक्त नकाशात पाहिलेले!

कॅमेरा हातात धरून गाडी चालवायची नाही, हे आमचे पहिले कलम. म्हणजे तो गाडीवर बसवणे आले. प्रयोगाला हँडल घेतले, कारण ते समोर असते. पण आमची गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. तिची धडधड कानाला गोड लागते, कॅमेऱ्याला नाही. चित्रात विजेचे खांब नागासारखे डोलत होते! याचे कारण मजेशीर आहे. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत चित्र एकदम टिपले जात नाही, वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत इंजिनाने कॅमेरा हलवलेला असतो. फोन लावण्याचा विचार आम्ही सोडून दिला. मोठ्या मोटारसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनेच 2021 साली दिला आहे.

हेल्मेटवर बसवा, असे अनेकांनी सुचवले. ते आम्हाला मान्य नाही. हेल्मेटचे टणक कवच आणि आतला थर्मोकोलसारखा थर यांचे काम डोके वाचवणे. त्याला भोक पाडणे तर दूरच, पण नुसता चिकटवलेला कॅमेराही पडताना कशात अडकला तर मानेला हिसका बसतो.

शेवटी दोन जागा पसंत पडल्या. एक पुढचा लेगगार्ड, रस्त्यापासून हातभर उंचीवर. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर क्लॅम्प आवळला. दुसरी जागा पेट्रोलची टाकी. आमच्या गाडीची टाकी रबरावर टेकलेली असल्याने तिथे थरथर बरीच कमी. टाकी कोरडी पुसून व्हॅक्यूम कप दाबला. दांडी जितकी आखूड, तितके चित्र स्थिर. दोन्हीकडे नायलॉनची दोरी चेसिसला बांधली, कप सुटला तरी कॅमेरा मागच्या गाडीखाली जाऊ नये म्हणून. माइकवर स्पंजचा तुकडा लावला, नाहीतर वाऱ्याच्या घोंगावण्याशिवाय काही ऐकू येत नाही.

मग निघालो. कणकुंबीच्या टपरीवर चहा मराठीत मागितला, पाटी कन्नडमध्ये वाचली, आणि घाट उतरून सत्तरीतल्या केरीला पोचेपर्यंत कानावर कोकणी येऊ लागली. हे कॅमेऱ्यात आलेच नाही, म्हणून इथे लिहिले. घाटाचा उतारही आला नाही! रुंद भिंगात चढ-उतार सपाट दिसतात. त्यावर उपाय म्हणून गाडी कडेला उभी केली आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली टाकीवर आडवी ठेवली. पाण्याची रेषा आडवी आणि रस्ता तिरका, तेव्हा कुठे उतार दिसला.

शाळेत फिल्म दाखवली तेव्हा मागच्या बाकांवर काही पालकही होते. आधी लेगगार्डवरचा तुकडा लावला. चाकाजवळून रस्ता असा सुसाट मागे पळत होता की मुले ओरडलीच. वेग किती असेल, असे विचारले. "ऐंशी!" "शंभर!" मग तोच रस्ता, तीच वेळ, टाकीवरच्या कॅमेऱ्यातून लावला. त्यात स्पीडोमीटर दिसत होता. काटा 40 वर. वर्गात शांतता. जमीन जवळ आणि भिंग रुंद, एवढ्यानेच 40 चे 100 दिसतात.

दहावीतला एक मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारले, "म्हणजे मोबाइलवर फिरतात ते सगळे व्हिडिओ खोटे?"

सगळे नाहीत, असे आम्ही सांगितले. काही मुले 40 चे 100 दाखवतात, आणि ते पाहून दुसरी खरोखरच 100 ने जातात. बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी काटा कुठे आहे ते आधी शोध. त्याने पुन्हा विचारले, "काका, तुम्ही कधी शंभरने गेलाय?" घाटात कधीच नाही, हे उत्तर त्याला फारसे पटले नसावे.

मागे बसलेल्या एका वडिलांनी आम्हाला बाजूला घेऊन मुलगा गाडी शिकवा म्हणून मागे लागल्याचे सांगितले. वय विचारले, तर पंधरा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आकडा वहीत लिहून घेतला.

बाईंना आता जुलैतली फिल्म हवी आहे, मलप्रभा भरून वाहतानाची. धुक्यात कॅमेऱ्याच्या काचेवरचे पाणी कसे पुसायचे, यावर आमचा वाद चालू आहे. गाडी थांबवूनच पुसायचे, एवढे ठरले आहे.